उपवासाची काकडी

ठाकुर्ली स्टेशनच्या पूर्वेला, रिक्षांची रांग संपते तिथे, एक मावशी भाजी घेऊन बसायच्या. त्यांच्याशी मी जे वागले ते आजवर पूर्ण असं कुणालाच सांगितलेलं नाही. घरी निम्मं सांगितलं, कॉलेजात त्याहूनही कमी. आता सांगायला बसलेच आहे तर स्वतःची बाजू न सावरता सांगते.

मी ठाण्याच्या एका कॉलेजात अन्नशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी मला एक छोटा संशोधन प्रकल्प मिळाला होता. ताज्या भाज्यांवर असा लेप द्यायचा, की भाजी जास्त दिवस टिकेल आणि तो लेप भाजीसकट खाल्ला तरी चालेल. भाजी तोडल्यावरही श्वास घेत असते, तिच्यातलं पाणी उडत असतं, म्हणून ती सुकते. तो श्वास थोडा मंद करायचा, पाणी आत राखायचं आणि बुरशीला बाहेर थोपवायचं, इतकंच त्या लेपाचं काम. डोळ्याला दिसता कामा नये, जिभेला कळता कामा नये.

मी काकडी निवडली, कारण काकडी फसवत नाही. दोन दिवसांत टोकाकडून सुरकुतते आणि दाबली की कळतं. पण प्रयोगशाळेतल्या काकड्या थंड कपाटात सुखात असतात. मला उन्हातली, धुळीतली, गिऱ्हाइकांनी दहा वेळा उलटीपालटी केलेली काकडी हवी होती. म्हणून मी मावशींकडे गेले. त्यांच्याकडून मी कितीतरी वर्षं भाजी घेत होते.

मावशी साठीच्या आसपासच्या. मूळच्या जुन्नरकडच्या, लग्न होऊन डोंबिवलीत आल्या त्या इथल्याच झाल्या. मानपाड्याला त्यांची खोली होती. नवरा तिथल्याच एका कारखान्यात कामाला होता. तो गेला त्या वर्षी मावशींनी तुळशीची माळ घातली आणि मासे-मटण सोडलं. अंडंसुद्धा सोडलं. एकदा मुलीच्या वाढदिवसाचा केक मी त्यांना नेऊन दिला, तर तो हातात धरून त्यांनी आधी विचारलं, "अंड्याचा न्हाई ना, मॅडम?" मी म्हटलं, "नाही, मुद्दाम बिनअंड्याचा आणलाय." मग त्यांनी तो खाल्ला. हे आधीच सांगते, कारण नंतर मला असं म्हणता येणार नाही की मला माहीत नव्हतं.

पहिला लेप साबुदाण्याचा होता. साबुदाणा शिजवून पातळ पेज करायची, गाळायची, त्यात थोडं ग्लिसरीन घालायचं, काकड्या बुडवून पंख्याखाली वाळवायच्या. मावशी संध्याकाळी मला एक क्रेट काकडी द्यायच्या, मी ती घरी न्यायचे, टबात बुडवून जाळीवर वाळवायचे आणि सकाळी कॉलेजला निघताना परत द्यायचे. अर्ध्या काकड्यांना लेप, अर्ध्या तशाच. मावशींनी दोन वेगळ्या टोपल्यांत ठेवून रोज सांगायचं, कुठली किती दिवस राहिली.

"ह्याला लावलंय काय?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"साबुदाण्याचं पाणी."

"आपला खिचडीचा साबुदाणा?"

"तोच."

त्यांनी एक काकडी उचलून वास घेतला, पदराला पुसून तिथेच एक घास चावून बघितला आणि म्हणाल्या, "मग उपासाला बी चालंल की."

मी हसले. म्हटलं, "चालेल ना."

त्या दिवसापासून त्या टोपलीचं नाव उपवासाची काकडी पडलं. गिऱ्हाईक आलं की मावशी सांगायच्या, "ही बघा, कॉलेजच्या मॅडमनी साबुदाण्याच्या पाण्यात बुडवून दिलीया. चार दिवस राहील. सालासकट खा." लोक हसत आणि घेत. माझं कौतुक त्या माझ्यादेखत करायच्या, आणि मला ते आवडायचं.

प्रकल्पासाठी एक संमतीपत्र लागायचं. ते इंग्रजीत होतं. त्यात लिहिलं होतं की लेप नैसर्गिक आणि खाण्यास योग्य पदार्थांपासून केलेला आहे. मी मावशींना मराठीत सांगितलं, "तुम्हाला माहीत आहे आणि तुमची हरकत नाही, असं लिहिलंय." त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. सही करताना त्यांची जीभ दातांत धरलेली होती. तो कागद मी फायलीला लावला.

उन्हाळाभर साबुदाण्याने बरं काम केलं. पावसाळी हवा सुरू झाली आणि तो लेप ओलावा ओढायला लागला. काकडी हाताला चिकट लागे. तिसऱ्या दिवशी तिच्यावर बारीक पांढरी बुरशी दिसे. मावशी एकही काकडी माझ्यापासून लपवायच्या नाहीत. खराब झालेल्या वेगळ्या काढून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ही तुमची, ही पण तुमची. साधीच जास्त राहिली, मॅडम." मला वाईट वाटेल म्हणून हे सगळं हळू आवाजात.

तेव्हा मी दुसऱ्या लेपाकडे वळले. कोळंबीच्या सालांमध्ये एक द्रव्य असतं. सालं धुऊन, वाळवून, कुटून त्यातला चुना आम्लाने काढायचा, मांसाचा अंश कॉस्टिक सोड्याने काढायचा, मग पुन्हा तीव्र कॉस्टिकमध्ये तापवायचं. शेवटी पांढरट पापुद्रे उरतात. व्हिनेगरच्या पातळ पाण्यात ते विरघळतात आणि भाजीवर काचेसारखा थर बसतो. त्याला कायटोसान म्हणतात. बुरशीला तो उभं राहू देत नाही. जगभर यावर काम झालेलं आहे, मी काही नवीन शोधलं नव्हतं. मला फक्त ते आपल्याकडच्या सालांपासून करून आपल्याकडच्या टोपलीत बघायचं होतं.

सालं मी डोंबिवलीच्या मच्छी मार्केटातून आणायचे. तिथे खाडीकडच्या गावातली एक मासेवाली होती, माझ्याच वयाची. कोळंबी सोलून द्यायची आणि सालं टाकून द्यायची. मी सालं मागितल्यावर ती थांबली. "कोलंबी नको नि सालां कशाला गो बाय?" मी तिला सगळं सांगितलं, लेप कसा करतात तेही. ती मन लावून ऐकत होती. तिला खरं सांगायला मला एक क्षणही लागला नाही.

आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना काका म्हणत. ती सालं धुवायचं काम त्यांच्या वाट्याला आलं. वासाने ते हैराण व्हायचे. डबा खाताना हाताचा वास घेऊन बघायचे आणि म्हणायचे, "मॅडम, घरी बायको मला विचारते, तुम्ही कॉलेजात जाता की बंदरावर?"

पहिला चांगला माल तयार झाला तेव्हा मी घरी चार काकड्या बुडवून बघितल्या. आठव्या दिवशी मोडली तर कट् आवाज आला. मी स्वयंपाकघरात एकटीच उभी होते आणि मला खूप आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना नवीन लेपाचा क्रेट दिला. त्यांनी काकडी हातात फिरवून बघितली. "आज चिकट न्हाईत," म्हणाल्या.

"थोडा बदल केलाय."

"पाणी कमी केलं व्हय?"

मी म्हटलं, "हो, तसंच काहीतरी."

इतकंच झालं. मागे उभ्या असलेल्या बाईंना मिरच्या हव्या होत्या, मावशी तिकडे वळल्या आणि मी निघाले. वाटेत मी स्वतःला समजावत होते की इतक्या आम्लातून आणि कॉस्टिकमधून गेल्यावर त्यात कोळंबीचं असं उरलंच काय? रेणूच बदललेला आहे. आमच्या घरी मासे होतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि मला वाटत नाही म्हणजे वाटण्यासारखं काही नाही असं मी धरून चालले होते. शिवाय सांगितलं तर मावशी नको म्हणतील, नवीन भाजीवाली शोधावी लागेल आणि प्रकल्पाची मुदत जवळ आली होती. खरं कारण हेच होतं. बाकीची मी नंतर गोळा केली.

सांगायची संधी मला पुन्हा पुन्हा मिळाली. एकदा मासेवालीनेच विचारलं. सालांची पिशवी माझ्या हातात देता देता ती म्हणाली, "ती ठाकुर्लीची भाजीवाली, तिलाच देतंस ना त्या काकड्या? मी बघलंय तिला. तिच्या गल्यान तुलशीची माल हाय. तिला सांगलंस ना बाय?"

"हो, सांगितलंय," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग पापलेटांवर पाणी मारायला लागली. त्यानंतर मी सालं दुसऱ्या बाईकडून घ्यायला लागले.

श्रावण लागला. मावशींची उपवासाची टोपली दुपारच्या आत रिकामी व्हायची. सोमवार करणाऱ्या बायका, शनिवार करणारे एक निवृत्त गृहस्थ, सगळे मागून न्यायचे. मावशी सोमवारी स्वतः दिवसभर काही खायच्या नाहीत, दुपारी दोन काकड्या मीठ लावून तेवढ्या खायच्या. आता त्यासाठी त्या माझ्याच टोपलीतल्या घेत. "कोवळी राहते," म्हणायच्या. मी हे बघत होते. वहीत मी 'चवीबद्दल अभिप्राय उत्तम' असं लिहीत होते.

गोकुळाष्टमीच्या दोन दिवस आधी त्यांनी मला थांबवलं.

"मॅडम, आमच्या मानपाड्याच्या देवळात काला असतो. काकडी मी देते दरवर्षी. ह्या वक्ती तुमचीच देऊ म्हणते. आधीच नेऊन ठेवली तरी दहीकाल्यापर्यंत ताजी राहील. पाच किलो करून द्याल?"

मी म्हटलं, "देते." मला सांगता आलं असतं. सांगायचा धीर नसता तर निदान काही न लावता साध्या काकड्या परत देता आल्या असत्या, त्यांना कळलंही नसतं. मी संध्याकाळी तेच करायचं ठरवलं. क्रेट घरी आणला. पण त्याच वेळी प्रकल्पाच्या नेहमीच्या काकड्याही बुडवायच्या होत्या, टब भरलेला होता, मुलीची परीक्षा होती, आणि नोंदी पूर्ण करायच्या म्हणून मी सगळ्याच काकड्या एकामागून एक बुडवत गेले. देवळाच्या पाच किलोंपाशी हात थांबला. मग मी त्याही बुडवल्या. मनाशी म्हटलं, साध्या दिल्या आणि लवकर सुकल्या तर मावशींची देवळात शोभा होईल. हे कारण मला त्या वेळी पटलं होतं, यावर आता माझाच विश्वास बसत नाही.

अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी मावशींनी मला द्रोणात काला आणून दिला. पोहे, दही, काकडी. मी तो त्यांच्यासमोर उभी राहून खाल्ला.

गणपती झाल्यावर कॉलेजात प्रदर्शन होतं. प्रत्येक प्रकल्पाचं टेबल, मागे मोठा फलक, बाहेरून दोन-तीन पाहुणे. विभागप्रमुख मला म्हणाले, "तुमच्या त्या भाजीवालीला आणा. प्रत्यक्ष वापरणारी व्यक्ती असली की छाप पडते." मला नाही म्हणता आलं असतं. पण फलक इंग्रजीत होता आणि पाहुणे इंग्रजीत बोलणार होते, म्हणून मला भीती वाटली नाही. इतका हिशेबी विचार मी करू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

मावशींनी त्या दिवशी भाजी लावली नाही. मोरपंखी काठाची साडी नेसून आल्या. आम्ही डोंबिवलीहून बसने ठाण्याला गेलो. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "कॉलेज मी आतून कधी बघितलं न्हाई." मी त्यांना टेबलाशेजारी खुर्ची दिली. टेबलावर दोन ताटं होती, एकात सुरकुतलेल्या काकड्या, एकात तुकतुकीत, आणि शेजारी त्या पापुद्र्यांची पूड भरलेली एक बाटली. लोक येत, मावशींना नमस्कार करत. मावशी अंग चोरून, पण खूश होऊन बसल्या होत्या.

पाहुणे समोरच्या टेबलाशी असताना काका चहा घेऊन आले. त्यांनी कप मावशींच्या हातात दिला आणि अगदी घरच्यासारखे म्हणाले, "तुम्हीच का त्या मावशी? तुमच्या काकड्यांपायी मी किती महिने कोळंबीची सालं धुतोय. माझ्या हाताचा वास अजून जात नाही बघा."

मावशी हसल्या. त्यांना वाटलं ते दुसरंच काही बोलतायत. "कोळंबीची? ती कशाला?"

"अहो, त्याचाच तर लेप आहे. ही पांढरी पूड आहे ना बाटलीत, ती त्या सालांचीच. मॅडमनी सांगितलं नाही का?"

काकांच्या मनात काही नव्हतं. त्यांना आपल्या कष्टाचं कौतुक हवं होतं, आणि ते कुणीच केलेलं नव्हतं, मीसुद्धा.

मावशींनी कप टेबलावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. आवाज न चढवता विचारलं, "साबुदाणा ना, मॅडम?"

मी म्हटलं, "आधी होता."

"आणि आता?"

मी ताटातल्या काकड्या सारख्या करायला लागले. मावशींचा हात गळ्याकडे गेला, माळेला लागला आणि लगेच खाली आला, जणू त्या हाताने माळ धरायची नव्हती.

तेवढ्यात पाहुणे आमच्या टेबलाशी आले. विभागप्रमुखांनी ओळख करून दिली. पाहुण्यांपैकी एक बाई मराठीत म्हणाल्या, "मावशी, तुम्ही सांगा, खरंच टिकते का काकडी?"

त्या वेळी मावशी काहीही बोलू शकल्या असत्या. मी टेबलाची कड घट्ट धरून उभी होते. त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "टिकते. आठ दिवस टिकते. जे हाय ते हाय, मी खोटं न्हाई बोलणार."

पाहुण्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. आजूबाजूच्या दोन-चार जणांनीही वाजवल्या. मावशी पुन्हा खुर्चीवर बसल्या नाहीत. पाहुणे पुढे गेल्यावर पिशवी उचलून चालायला लागल्या. मी मागोमाग गेले. गेटपाशी त्यांना गाठलं.

"मावशी, मी सोडते तुम्हाला घरी."

"मी जाईन."

"माझं चुकलं. मी सांगायला हवं होतं."

त्या थांबल्या. रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "सोमवार सगळे गेले माझे. ते जाऊ द्या, ते माझं मी बघीन. पण देवळात पाच किलो दिली मी. लहान लहान पोरांनी खाल्ला काला, कीर्तनकार बुवांनी खाल्ला. तुम्हाला मी सांगितलं होतं ना, देवळात द्यायच्यात म्हणून?"

"हो."

"मग?"

रेणू बदलतो वगैरे जे मी इतके महिने स्वतःला सांगत होते, त्यातलं एक अक्षरही त्या बाईसमोर तोंडातून निघेना. त्यांनी उत्तराची वाट बघितली, अगदी खरोखर बघितली, आणि मग बस आली तेव्हा त्या चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्या भाजी लावत होत्या. गळ्यात माळ नव्हती. मी तिकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "काढून देवापुढं ठेवलीया. बुवा महिन्यानं येणार, त्यांना विचारून परत घालायची."

मी म्हटलं, "मी काय करू सांगा. मी देवळात येऊन सांगते."

"देवळात मी सांगितलं काल. ते माझ्यावर होतं." मेथीची जुडी सोडवत त्या म्हणाल्या, "इथं तुम्ही बसा. ज्यांनी ज्यांनी उपासाची म्हणून नेली त्यांना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर लोक म्हणतील हीच फसवी. तुम्ही सांगा."

मी रजा टाकली आणि त्यांच्याशेजारी उलट्या क्रेटवर बसले. त्या एकेक ओळखीचं गिऱ्हाईक आलं की मला नुसतं मानेने दाखवायच्या. पहिल्या आल्या त्या आमच्या पलीकडच्या सोसायटीतल्या, नऊवारी नेसणाऱ्या आजी. मी त्यांना सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा मी इतकं आडवळणाने सांगितलं की त्यांना कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे नाही, मावशींकडे बघितलं. "तुला माहीत होतं का गं?" मावशी म्हणाल्या, "न्हाई आजी." आजींनी घेतलेली कोथिंबीर परत टोपलीत ठेवली आणि गेल्या. एक तरुण मुलगी हसली, म्हणाली, "मी खाते सगळं, मला काही फरक पडत नाही." शनिवार करणारे ते निवृत्त गृहस्थ "बाई, तुम्ही शिक्षिका ना?" एवढंच म्हणाले. मी मान हलवली.

असे सात-आठ जण झाले. मग लांबून मला आमच्याच इमारतीतल्या एक बाई येताना दिसल्या. त्यांच्या मुलीला मी शिकवत होते. श्रावणभर त्यांनीही त्या काकड्या नेल्या होत्या. मावशींनी मान हलवून दाखवलं. त्या बाई जवळ येऊन म्हणाल्या, "अगंबाई, मॅडम, तुम्ही इथे कशा?"

मी म्हटलं, "सहज, मावशींशी गप्पा मारत बसले."

त्यांनी वांगी घेतली, इकडचं तिकडचं बोलल्या आणि गेल्या. मी त्यांना सांगितलं नाही. मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उठून त्या बाईंच्या मागे गेल्या, रिक्षांपाशी त्यांना गाठलं, आणि मी तिथून बघत होते, मावशी हात हलवून काहीतरी सांगतायत आणि त्या बाई वळून माझ्याकडे बघतायत. मावशी परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "आता जा तुम्ही, मॅडम. बाकीच्यांना मी सांगते." रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या तर मला घरी जाताना थोडं सोपं गेलं असतं.

कॉलेजातही मी फार काही केलं नाही. विभागप्रमुखांना भेटून म्हटलं की अहवालातला भाजीवालीचा भाग काढून टाकू या, कारण तिला लेप कशाचा आहे ते माहीत नव्हतं. त्यांनी फाईल उघडली, संमतीपत्र काढलं आणि त्या जोडलेल्या अक्षरांच्या सहीवर बोट ठेवलं. "सही आहे ना? मग कशाला मनाला लावून घेता? नैसर्गिक लिहिलंय, कोळंबी नैसर्गिकच आहे." मी म्हटलं, "तसं नाही सर." पण पुढे काय ते म्हटलं नाही. अहवाल आहे तसा गेला. त्यात एक वाक्य आहे की विक्रेती आणि तिच्या ग्राहकांनी उत्पादनाचं स्वागत केलं. ते वाक्य माझं आहे.

मावशींची गिऱ्हाइकं काही दिवस तुटली. काही परत आली, काही नाही. आजी त्यांच्याकडे पुन्हा थांबताना मला कधी दिसल्या नाहीत. मी स्वतः स्टेशनच्या पश्चिमेने जायला लागले. लांब पडायचं, पण मी रोज तशीच जायचे. घरी विचारलं तर सांगायचे, तेवढंच चालणं होतं. काकडी आमच्या घरात जवळजवळ येईनाशी झाली. कधी आणलीच तर मी ती सोलून चिरायचे, मुलगी म्हणायची, "आई, सालासकट कर ना," आणि मी ऐकलं नाही असं दाखवायचे.

असं दोन वर्षं चाललं. मग एकदा पश्चिमेला रस्ता खोदला होता म्हणून मला पूर्वेने यावं लागलं. मान खाली घालून भराभर चालले होते.

"मॅडम." मावशींचा आवाज. "लांबून कशाला जाता? भेंडी चांगली आलीया."

मी जवळ गेले. त्यांच्या गळ्यात माळ होती. केस पूर्वीपेक्षा पांढरे झाले होते. मी मान खालीच ठेवून भेंडी निवडायला लागले.

"मावशी, त्या दिवशी त्या बाईंना सांगायला तुम्हाला उठावं लागलं..."

"मी विसरले न्हाई," त्या म्हणाल्या. "विसरायची बी न्हाई. पण भाजी घ्यायला काय हरकत हाय? रोज बघते मी तुम्ही त्या पुलावरनं वळसा घालून जाता ते."

मी अर्धा किलो भेंडी घेतली. त्यांनी ती पिशवीत ओतली.

"ते काम अजून चालू हाय का तुमचं? लेपाचं?"

"चालू आहे."

"आता कशाचं करता?"

"कोरफडीच्या गराचं."

"कोरफड," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे सरळ बघत त्यांनी विचारलं, "खरं?"

"खरं, मावशी."

त्यांनी मान हलवली. पण तो शब्द विचारताना त्यांच्या नजरेत कसलाही टोमणा नव्हता, एखादं नाणं उलटून बघावं तशी सवयीची तपासणी होती. माझ्या मागे दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. मावशी त्याच्याकडे वळल्या आणि मी पिशवी घेऊन घरी आले.

आता मी पुन्हा पूर्वेनेच जाते. त्यांच्याकडूनच भाजी घेते. त्या माझी चौकशी करतात, मुलीची करतात. अहवालातलं ते वाक्य अजून तिथेच आहे. ते काढून टाका असं पत्र मी दोनदा लिहिलं, आणि दोन्ही वेळा पाठवलं नाही.